संत कीरॉनची गाय

डब्लिनला मुलीकडे जाऊन आठवडा झाला नाही तोच आमच्या नातीने मला विद्यार्थी करून टाकले. तिथल्या प्राथमिक शाळांत मुलांना आयरिश भाषा शिकवतात. त्यामुळे ऐन दिवेलागणीला ही आठ वर्षांची पोर सोफ्यावर मांडी घालून अंक घोकत बसायची. "दो, त्री..." पुढे "शाख्त, होख्त, नी, देह". शाख्त म्हणजे सप्त, होख्त म्हणजे अष्ट, नी म्हणजे नव आणि देह म्हणजे दश, हे मला कुणी सांगावे लागले नाही. गाईला काय म्हणतात, असे विचारले तर उत्तर आले, "बो". म्हणजे आपल्या 'गो'ची चुलत बहीणच! नातीने मला शाबासकी दिली, तीही इंग्रजीत. मराठी तिला समजते; बोलू लागली की तिसऱ्या शब्दाला अडते.

गाईचे शेपूट धरून वैतरणी तरता येते म्हणतात. मी या 'बो'चे शेपूट धरून शॅनन नदीच्या काठी जाऊन पोहोचलो.

डब्लिनहून आगगाडीने अ‍ॅथलोन, तिथून टॅक्सीने क्लॉनमॅकनॉइस. पाऊस होताच. आमच्या सौभाग्यवतींची मुंबईची छत्री तिथल्या वाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांतच उलटी केली. नदीचे संथ वळण, हिरवी टेकाडे आणि मधोमध छपरे नसलेली देवळे. गोल दगडी मनोरा ११२४ साली पुरा झाला आणि अकराच वर्षांनी वीज पडून त्याचे डोके उडाले. मठाची स्थापना मात्र त्याही आधी सहा शतके, इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यावर, कीरॉन नावाच्या संताने केली. हा सुताराचा पोर. मठ उभा राहतो न राहतो तोच साथीच्या रोगाने गेला. परंपरा त्याचे वय तेहतीस सांगते.

या कीरॉनची कथा अशी, की शिकायला निघताना त्याने घरची एक करडी गायही बरोबर नेली. आपल्याकडे गुरुगृही जाताना समिधा नेत. दुभती गाय नेणे मला अधिक व्यवहारी वाटते. गाय मेल्यावर तिचे कातडे जपून ठेवले, आणि त्या कातड्यावर जो देह ठेवील त्याला सद्गती मिळते, अशी श्रद्धा पडली. पुढे याच मठात लिहिलेल्या एका पोथीला 'करड्या गाईची पोथी' असे नाव पडले. ती त्याच गाईच्या कातड्यावर लिहिली असे सांगतात. हिशेब जुळत नाही. गाय आणि पोथी यांच्यात पाचशे वर्षांचे अंतर आहे. पण संतांच्या गाईला हिशेब विचारू नये.

ती पोथी आज डब्लिनच्या रॉयल आयरिश अ‍ॅकॅडमीत आहे. सबंध आयरिश भाषेत लिहिलेल्या, आज उरलेल्या पोथ्यांत ही सर्वांत जुनी. तिचा मुख्य लेखक मेल मुरे याचे नाव कळते तेही कसे, तर नवी लेखणी चालते की नाही हे पाहायला त्याने पानावर दोन ओळी खरडल्या आणि त्यांत स्वतःचे नाव घातले! ११०६ साली लुटारूंनी त्याला याच मठाच्या दगडी देवळात ठार मारले. पोथी वाचली. पुढे ती एका सरदाराच्या सुटकेसाठी खंडणी म्हणून दिली गेली आणि १४७० साली मूळ घराण्याने ती परत हिसकावून आणली. पुस्तक देऊन माणूस सोडवायचा, हा सौदा आमच्या वकिलीच्या चाळीस वर्षांत कधी पाहिला नाही.

आणि या पोथीत आहे काय? ख्रिस्ती जोग्यांच्या हातचे लिखाण. त्यात एका बैलासाठी झालेल्या युद्धाची कथाही आहे! कॉनॉक्टची राणी मेव्ह अल्स्टरचा बैल पळवायला सैन्य घेऊन निघते आणि कूखलिन नावाचा कोवळा पोरगा एकटा तिला अडवून धरतो. विराटाच्या गाई वाचवायला निघालेला उत्तर आणि बृहन्नडा आठवल्याशिवाय राहत नाहीत. मौज पुढेच आहे. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या एका पोथीत ही कथा उतरून झाल्यावर शेवटी दोन टिपा आहेत. आयरिश टीप म्हणते, जो ही कथा जशीच्या तशी स्मरणात ठेवील त्याचे कल्याण असो. लॅटिन टीप म्हणते, यातले पुष्कळसे खोटे, काही सैतानाची करणी, काही मूर्खांची करमणूक; माझा विश्वास नाही. लॅटिन ही नोकरीची भाषा होती, हे मी लगेच ओळखले. कोर्टात इंग्रजी बोलून घरी आल्यावर मीही असाच दुसरा माणूस होत असे.

ही घरची भाषा बहुधा समासातच राहिली. आयरिश जोगी युरोपभर गेले आणि लॅटिन ग्रंथ शिकवताना ओळींच्या मधे आपल्या भाषेत अर्थ लिहीत गेले. स्वित्झर्लंडमध्ये सेंट गालच्या मठात नवव्या शतकातले लॅटिन व्याकरण आहे. त्याच्या समासात एका पठ्ठ्याने एकच शब्द खरडला आहे. आशय असा की, आदल्या रात्रीची बिअर नडली. ऑस्ट्रियातल्या एका मठात त्याच शतकातली एक वही आहे. तीत एका जोग्याने आपल्या पांढऱ्या मांजरावर कविता केली आहे, मांजर उंदरामागे आणि आपण अर्थामागे. आयर्लंडमध्ये जुन्या पोथ्या झिजल्या, लुटल्या गेल्या. परदेशात मात्र ही खरड सुरक्षित राहिली, आणि तिच्यावरून योहान कास्पर झॉइस या बव्हेरियन पंडिताने १८५३ साली प्राचीन आयरिशचे व्याकरण उभे केले. समास नसता तर भाषेचा पत्ता लागता ना!

झॉइसच्या मागून जे आले, त्यांत एक नाव वाचून मी चमकलो. व्हिटली स्टोक्स. हे नाव माझ्या ओळखीचे! डब्लिनचा हा माणूस १८६२ साली हिंदुस्थानात आला आणि १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होता. दिवाणी व फौजदारी संहिता, मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा, या साऱ्यांच्या घडणीत त्याचा हात. ज्या कलमांवर मी पोट भरले ती घडवताना हा गृहस्थ फावल्या वेळात आयरिश संतांची चरित्रे संपादित करीत होता. पॅट्रिक, ब्रिजिट आणि कोलंबा यांच्यावरची त्याची मध्ययुगीन प्रवचने १८७७ साली छापली गेली ती कलकत्त्यात!

आज स्थिती काय? २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी आयरिश येते म्हणून सांगितले. शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार. टॅक्सीवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "शाळेत होती."

क्लॉनमॅकनॉइसच्या संग्रहालयात जुन्या थडग्यांच्या शिळा भिंतीला लावून ठेवल्या आहेत. त्यांवरची अक्षरे लॅटिन नव्हेत, आयरिश आहेत: नाव, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा एवढेच. नात एका शिळेशी उकिडवी बसली.

"आबा, 'दो' म्हणजे..." ती थांबली. मराठी शब्द शोधत होती. मीही गप्प राहिलो. "च्यासाठी," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत तिने माझी माहितीपुस्तिका ओढून घेतली. आदल्या आठवड्यात तिने शिकवलेले अंक मी तिच्या समासात देवनागरीत लिहून ठेवले होते. ती बोट ठेवून वाचू लागली. 'दो' तिने झटक्यात वाचले. 'त्री'पाशी अडली. जोडाक्षरे अजून व्हायची होती. मी खिशातली पेन्सिल काढली.