कोरा चहा

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतून गेलेल्या या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळीभोर, तीत कापूस व ज्वारी चांगली येई. परंतु विहिरीचे पाणी खारट. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. गोड पाण्यासाठी गावातील बायका पहाटेच डोक्यावर घागरी घेऊन दूरच्या विहिरीवर जात. त्या पाण्यातील एक तांब्या आई चुलीजवळ वेगळा झाकून ठेवी. त्याला आमच्या घरात ‘चहाचे पाणी’ असेच नाव पडले होते. तहान लागली तरी त्या तांब्याला हात लावण्याची आम्हां मुलांची छाती नव्हती. पाहुणा दारात आला आणि चहाला खारट चव लागली, तर आईला ते फार लागे.

महिन्यातून एकदा वडील अकोल्याला बाजाराला जात. कधी कधी मलाही नेत. कापसाचे गाठोडे विकले गेले की ते एका किराणा दुकानात शिरत. दुकानाच्या कोपऱ्यात पातळ लाकडी फळ्यांची, आतून चकचकीत पत्रा लावलेली एक मोठी पेटी असे. झाकण उचलताच जो वास येई, तो मला आजही आठवतो. शेटजी मूठभर चहापत्ती तळहातावर घेऊन म्हणत, “वास घेऊन पाय, बापू! ही पत्ती तुझ्याहून जास्त फिरली आहे.”

त्यांचे म्हणणे खरेच होते. ती पत्ती आसामातील मळ्यात खुडलेली असे. एक कळी व तिच्या खालची दोन कोवळी पाने, एवढेच खुडावयाचे. अशी साडेचार किलो हिरवी पाने वाळविली, चुरली आणि भाजली म्हणजे जेमतेम एक किलो चहा हाती लागतो. खुडणाऱ्या पुष्कळशा बायका छोटा नागपूरकडून नेलेल्या आदिवासी मजुरांच्या लेकीसुना. मळ्यातून पेट्या कलकत्त्यास जात. तेथे १८६१ सालापासून चहाचा लिलाव होत आला आहे. लिलावापूर्वी चव घेणारे तज्ज्ञ एका लांब टेबलावर मांडलेल्या पेल्यांपुढून चालत जातात, चमचाभर चहा मोठा आवाज करून ओढतात, तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. (हे ऐकून आम्ही भावंडांनी घरी तसाच आवाज करून पाहिला व वडिलांची बोलणी खाल्ली.) त्यांच्या जिभेवर भाव ठरतो. आता बोली संगणकावर लागते, पण जिभेचे काम जिभेकडेच राहिले आहे.

वडिलांना या गोष्टीत विशेष रस वाटे, कारण भाव ठरविण्याची कला त्यांनी कापसाच्या बाजारात पाहिली होती. दलालांनी उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा करावयाचा आणि शेतकऱ्याने नुसते उपरण्याकडे बघत राहावयाचे, अशी एक जुनी रीत होती. असे गैरप्रकार थांबावेत म्हणून वऱ्हाडात १८९७ सालीच बाजाराचा कायदा झाला. “आपला कापूस विलायतेला जाई आणि त्यांचा चहा आपल्याकडे येई,” असे वडील म्हणत. यात थोडी दुरुस्ती करावयास हवी. चहाचे झुडूप आसामच्या रानात मुळातच होते. तेथील सिंगफो लोक त्याचा काढा पीत. इंग्रजांना ते १८२३ च्या सुमारास ठाऊक झाले आणि १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाच्या आठ पेट्या लंडनमध्ये लिलावाने विकल्या गेल्या. आपल्या लोकांना चहाची गोडी लागली ती फार उशिरा. चहावरील कराच्या पैशातून चहाचा प्रचार झाला. रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा याचे फलक लागले. आज देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे ८० टक्के चहा आपणच पितो.

आमच्या घरी चहा होई तो दोन प्रकारचा. आम्हां मुलांच्या व वडिलांच्या चहात दूध असे. आई मात्र कोरा चहा पिई. “मले कोराच बरा लागते,” असे ती म्हणे आणि आम्ही ते खरे मानीत असू. सकाळी कोरा चहा, भाकरीबरोबर कोरा चहा, वेचणीवरून परतल्यावर पुन्हा कोरा चहा. उपासाच्या दिवशी तर दुसरे काहीच नाही.

मी सातवीत असताना आईला घागर उचलताना घेरी आली. वडिलांनी तिला अमरावतीला डॉक्टरांकडे नेले. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखे पाहिली. “बाई, रक्त फार कमी आहे. दिवसातून किती वेळा जेवता?” आई काही बोलली नाही. मग त्यांनी चहाचे विचारले. ते तिने मोकळेपणाने सांगितले.

डॉक्टरांनी चहाला वाईट म्हटले नाही, हे मला विशेष वाटले. चहाने थकवा विसरतो, मन जागे राहते, आणि पाणी उकळले जात असल्याने त्यातील रोगजंतू मरतात, असे ते म्हणाले. अलीकडच्या मोठ्या पाहण्यांत, बेताने चहा पिणाऱ्यांत हृदयविकार थोडा कमी आढळला आहे. पण तो चहामुळेच, असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र चहातील तुरट द्रव्ये भाकरी व भाजीतील लोहाला धरून ठेवतात, आणि ते लोह रक्तापर्यंत पोहोचत नाही. “जेवताना चहा नको. जेवल्यावर तासभर थांबा. ताटात लिंबू असू द्या. आणि भूक लागली म्हणजे जेवा. चहाने भूक मरते, पोट भरत नाही.”

हे शेवटचे वाक्य बोलताना डॉक्टर वडिलांकडे पाहत होते. परतीच्या गाडीत वडील गप्प होते. मला मात्र घरातले दुधाचे लहान पातेले आठवत होते, आणि त्यातले दूध कोणाकोणाच्या पेल्यात जात असे, तेही.

दुसऱ्या दिवसापासून वडील आईचे जेवण झाल्याशिवाय पानावरून उठेनासे झाले. कुंपणाजवळ त्यांनी लिंबाचे रोप लावले आणि त्याला गोड पाण्यातले पाणी घातले. आईला ही उधळपट्टी वाटे. गोळ्या तिने कुरकुर न करता घेतल्या. तास मोजणे मात्र तिला जमेना. आमच्या घरात घड्याळ नव्हते. ते शाळेत होते. दुपारची भाकर झाली की आई ओसरीवर येऊन मला विचारी, “पाय बरं बापू, झाला का घंटा?” मी शाळेपर्यंत धावत जाई, खिडकीतून काटे पाही आणि धावत परत येई. तोवर तिने चुलीवर पाणी ठेवलेले असे, आणि शेजारी वाटीत थोडे दूध.