कॉर्न लिली आणि एका डोळ्याचं कोकरू

अमेरिकेत आयडाहोच्या डोंगरांत बर्फ वितळलं की ओल्या कुरणांत कॉर्न लिली वर येते. पुरुषभर उंची, पांढरट फुलांचे तुरे, आणि रुंद पानांवर खोल उभ्या शिरा. नऊवारीच्या निऱ्याच जणू. १९५० च्या दशकात याच कुरणांत चरलेल्या मेंढ्यांना कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरं होऊ लागली. कृषी खात्याच्या संशोधकांनी कळपांचा पिच्छा सोडला नाही. शेवटी उलगडलं ते असं: गाभण मेंढीने चौदाव्या दिवसाच्या सुमारास ही वनस्पती खाल्ली, तर हे घडतं. दोन डोळे व्हायचे की एक, याचा फैसला इतक्या लवकर, इतक्या थोड्या वेळात! त्यांनी त्या विषाला सायक्लोपामीन म्हटलं.

ते विष नेमकं काय करतं, हे कळायला १९९८ उजाडावं लागलं, आणि दार उघडलं फळमाशीने. ख्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांना १९८० साली एक जनुक सापडलं होतं. ते बिघडलं की अळीच्या अंगावर काट्यांची दाटी होई, म्हणून त्याचं नाव हेजहॉग, त्या काटेरी प्राण्यावरून. त्याचं प्रथिन म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेला निरोप. पेशीच्या पापुद्र्यात स्मूदन्ड नावाचं प्रथिन असतं आणि पॅच्ड त्याला गप्प ठेवतं. हेजहॉग येऊन पॅच्डला बिलगलं की स्मूदन्ड मोकळं होतं, आणि निरोप थेट केंद्रकापर्यंत पोचतो. मेंढीच्या गर्भातही डोळ्यांची एकच जागा दुभंगून दोन होते ती याच निरोपामुळे. सायक्लोपामीन स्मूदन्डलाच जखडून टाकतं.

माझे हात जोडले जातात ते पुढच्या गोष्टीपाशी. मोठेपणी त्वचेच्या एखाद्या पेशीत पॅच्डचं जनुक बिघडलं, तर निरोप न येताच स्मूदन्ड जागं राहतं आणि पेशी वाढतच सुटते. बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगात बहुतेकदा हेच घडलेलं असतं. गॉर्लिन सिंड्रोममध्ये हा बिघाड जन्मतःच असतो, आणि जनुकतपासणीत तो आधीच ओळखता येतो. ज्याने कोकराचा डोळा हिरावला, तो जखडण्याचा गुण इथे उपयोगी पडला: स्मूदन्डलाच रोखणारं व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेलेल्या गाठींसाठी. गरोदर स्त्रीला मात्र ते कदापि देत नाहीत.

हे औषध घेणाऱ्यांचे केस विरळ होतात, जिभेची चव जाते. केसांची मुळं आणि चवीच्या कळ्या आजही त्याच जुन्या निरोपावर नव्याने घडत असतात. औषध थांबलं की चव बहुधा परत येते.