शिवाजी पेठेतील कोरफडीची पाने

कोल्हापुरात निवृत्ती चौकातला अर्धा शिवाजी पुतळा मागे टाकून उभ्या मारुतीच्या दिशेने निघाले की दारोदारी एक वनस्पती हमखास भेटते, ती म्हणजे कोरफड. पेठेतील अनेक घरांना आता अंगण उरलेले नाही. म्हणून ती पायरीच्या कडेला, गच्चीच्या कठड्यावर आणि बहुधा तेलाच्या रिकाम्या डब्यात नांदते. सोबतीला पानफुटी असते, क्वचित त्रिधारी निवडुंग. निवृत्तीनंतर रंकाळ्याकडे सकाळची फेरी मारताना या डब्यांकडे पाहण्याची मला सवय जडली. मे महिन्याच्या अखेरीस पाहावे तर कितीतरी पाने डागाळलेली दिसतात. एवढी काटक झाडे, मग ती भाजतात कशी?

उत्तर त्यांच्या काटकपणातच आहे. पाणी वाचवण्यासाठी ही झाडे दिवसा पानांची छिद्रे मिटून घेतात आणि रात्री उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवतात. पानफुटीचे पान पहाटे आंबट आणि दुपारी जवळजवळ बेचव लागते, हे बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्याच देशात चाखून पाहिले होते. त्याचे त्याविषयीचे पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली छापले. या काटकसरीची किंमत मात्र भर उन्हात चुकवावी लागते. छिद्रे बंद असल्याने बाष्प बाहेर पडत नाही, पान गार होत नाही आणि जाड गर उष्णता धरून ठेवतो. पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवलेल्या कोरफडीला हा ताप सर्वाधिक.

तरीही प्रत्येक रंग म्हणजे इजा नव्हे. पान सर्वत्र सारखे तांबूस झाले असेल, तर ती झाडाने स्वतःच धरलेली छत्री समजावी. ऊन उतरले की हिरवेपणा परततो. उन्हाच्या बाजूला पांढुरका चट्टा पडून तो पुढे तपकिरी, कोरडा झाला, तर मात्र ते भाजणे. वळिवासोबत गारा पडल्या की पानांवर खरखरीत खपल्यांचे खड्डे राहतात. विलायतेत थंडीने गर गोठून पाने काळी, लिबलिबीत होतात. ते संकट आपल्या गावी नाही.

हे डाग भरून येत नाहीत. कोरफडीचे नवे पान मधून येते आणि जुने बाहेर सरकते, त्यामुळे डागाच्या जागेवरून तो आधीचा की अलीकडचा, हे उलगडते. बाहेरच्या पानांवर खपल्या आणि गाभा स्वच्छ, एवढे दिसले तर चिंतेचे कारण नाही. डागाळलेली पाने उपटूही नयेत. नव्या पानांना त्यांचाच आडोसा असतो.

खरे नुकसान होते ते आपल्या मायेने. "पाणी कमी पडलंय, दुसरं काय!" असे म्हणून संध्यामठ गल्लीतील एक काकी भाजलेल्या कोरफडीला दोन वेळा तांब्या तांब्या पाणी घालत. डब्याला तळाशी भोक नव्हते. जूनच्या झडीत ते काठोकाठ भरले. पाने बुंध्याशी पिवळी, पारदर्शक झाली आणि आठवड्याभरात झाड हाताशी आले. उन्हाने पान जाते. साचलेल्या पाण्याने मूळ जाते आणि मुळाबरोबर सर्वच.

आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांच्या चौकटीवर दृष्ट लागू नये म्हणून उलटी टांगलेली कोरफड असते. माती नाही, पाणी नाही, तरी ती महिनोन्‌महिने जगते आणि कधी कधी फुलतेसुद्धा. सावलीत असल्याने तिच्या पानांवर उन्हाचा डाग नसतो.

तेव्हा उन्हाळ्यात दुपारपुरता आडोसा द्यावा, सावलीतले झाड उन्हात न्यायचे तर ८-१० दिवस रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यावे, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी डब्याच्या तळाला खिळ्याने चार भोके पाडून तो दोन विटांवर ठेवावा. काकींनी यंदा तसेच केले आहे. नव्या डब्यात शेजारणीकडून आणलेले पिल्लू लावले आहे.