उझेसची प्रदक्षिणा

मैत्रिणींनो, आपण बायका दिवसभरात किती चालतो याचा हिशेब तुम्ही कधी केलाय? स्वयंपाकघरातून गच्चीवर, गच्चीवरून खाली, मग शाळा, भाजीबाजार, पिठाची गिरणी, आणि फिरून स्वयंपाकघर. पण या सगळ्या चालण्याला काही ना काही निमित्त असतं. हातात पिशवी असते, नाहीतर डबा, नाहीतर लेकराचं बोट. रिकाम्या हातांनी, कुणाला काही आणायचं-पोचवायचं नसताना चालायचं म्हटलं, तर देवळातल्या प्रदक्षिणेशिवाय दुसरी सोय नाही!

फ्रान्समधल्या लोकांनी ही सोय गावोगावी करून ठेवली आहे. जिथून निघायचं तिथेच फिरून यायचं, अशा गोल पायवाटा तिथे आखलेल्या असतात. वाट चुकू नये म्हणून झाडांवर, दगडांवर, कुंपणाच्या खांबांवर रंगाचे पट्टे ओढलेले असतात. गावाजवळच्या लहान वाटांना पिवळा पट्टा. पट्टा सरळ असला की सरळ चालायचं, वळणाची खूण दिसली की वळायचं आणि दोन पट्टे एकमेकांना छेदून फुली झाली असेल, तर ती वाट आपली नव्हे असं समजायचं. भाषा यायला नको की कुणाला विचारायला नको!

गेल्या मे महिन्यात ह्यांच्या कामानिमित्त दक्षिण फ्रान्समध्ये तीन आठवडे राहण्याचा योग आला. काम होतं नीम शहरात (हे नीम म्हणजे आपला कडुनिंब नव्हे हं!). राहायची सोय मात्र तिथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या उझेस या जुन्या गावात झाली. माझ्या शाळेला सुट्टी, मुलं आजोळी. हे सकाळी कामावर गेले की दिवस माझा. तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या मालकीणबाईंनी मला पिवळ्या पट्ट्याची वाट दाखवून दिली.

उझेस हे चुनखडीच्या दगडाच्या पठारावर वसलेलं गाव. सगळी घरं त्याच फिकट पिवळसर दगडाची. मधोमध कमानींनी वेढलेला एक चौक आहे. त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘पाल्याचा चौक’ असा! बुधवारी आणि शनिवारी तिथे बाजार भरतो. गावावर मान वर करून पाहावं तर बुरूजच बुरूज. एक राजाचा, एक बिशपचा, एक ड्यूकचा. एकेकाळी या तिघांची गावावर सत्ता होती आणि प्रत्येकाला आपली उंची दाखवायची होती. त्यांच्या जोडीला चर्चचा एक गोल मनोरा आहे. 12व्या शतकातला, 42 मीटर उंच, खालपासून वरपर्यंत खिडक्याच खिडक्या असलेला. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या धर्मयुद्धांत मूळचं चर्च गेलं, हा मनोरा तेवढा उरला.

वाट सुरू होते ती या मनोऱ्याजवळच्या कठड्यापासून. कठड्याशी उभं राहिलं की खाली दरी दिसते. सगळी हिरवीगार, आणि तिच्या तळाशी आल्झों नावाची लहानशी नदी. नाटककार रासीन विशीबाविशीत, 1661 मध्ये, आपल्या मामाकडे येऊन इथे राहिला होता. त्याच्या नावाने जवळच एक छोटा मंडप दाखवतात.

उतार चांगलाच आहे. पायांत साधी चप्पल नको, मागून पट्टा असलेली सँडल किंवा कापडी बूट हवेत. उतरताना दोन्ही बाजूंना थाइमची आणि रोजमेरीची रानटी झुडपं. थाइमचं पान चुरगळून हुंगलं आणि मला थेट आमच्या घरातला ओव्याचा डबा आठवला. त्याचं कारणही आहे. ओव्याला आणि थाइमला जो वास येतो तो थायमॉल या एकाच द्रव्याचा. आपण ओवा भज्यांत घालतो, पोट दुखलं की चावून खातो. तिथल्या बायका थाइम रश्शात घालतात, खोकला झाला की त्याचा काढा करतात. घरं किती दूर आणि डबे किती शेजारी!

खाली उतरलं की ऊन संपतं. नदीकाठच्या झाडांच्या सावलीतून वाट जाते. नदी म्हणजे आपल्याकडची पाऊस ओसरल्यानंतरची ओढ्यासारखी, पण पाणी नितळ. जुन्या पाणचक्क्या या दरीतल्या पाण्यावर चालत. मग गवताचं मोकळं कुरण येतं आणि तिथे, काहीही गाजावाजा न करता, जमिनीतून पाणी वर येताना दिसतं. हीच ‘फाँतेन द’अर’, म्हणजे अर नावाचा झरा. माणसं तिथे चादर अंथरून पाव आणि चीज खात बसली होती. झऱ्याकडे कुणी बघतही नव्हतं.

पण मैत्रिणींनो, या झऱ्यासाठी रोमन लोकांनी केवढा खटाटोप केला होता! इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्यांना नीम शहराला पाणी हवं होतं. सरळ रेषेत नीम इथून 20 किलोमीटरच, पण मध्ये टेकड्या. तेव्हा टेकड्यांना वळसे घालत सुमारे 50 किलोमीटरचा कालवा त्यांनी बांधला. त्याचा बहुतेक भाग जमिनीखालून जातो. आणि एवढ्या लांबीत एकूण उतार 20 मीटरसुद्धा नाही! पंप नाही, मोटार नाही. पाणी आपल्या वजनाने हळूहळू उतरत शहरात पोचायचं आणि तिथल्या स्नानगृहांत, कारंज्यांत खेळायचं. वाटेत गार्दों नदी आडवी आली, तिच्यावर त्यांनी तीन मजली कमानींचा पूल उभारला. सुमारे 49 मीटर उंचीचा हा ‘पाँ द्यु गार’ जगप्रसिद्ध आहे. 1985 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. आल्झों नदीसुद्धा पुढे जाऊन याच गार्दोंला मिळते. झऱ्याजवळ, जिथून या कालव्याचं पाणी सोडत आणि अडवत, तो दगडी हौद आजही बघायला मिळतो. पुलाजवळ बसगाड्यांची रांग असते. हौदाजवळ त्या दिवशी मी आणि एक कुत्रा, एवढेच होतो.

आता यातली खरी घरगुती गोष्ट सांगते. आम्ही राहत होतो तिथल्या चहाच्या किटलीत दर चार दिवसांनी पांढरा थर बसायचा. चुनखडीच्या प्रदेशातलं पाणी, दुसरं काय होणार! मालकीणबाई किटलीत निम्मं पाणी आणि निम्मं पांढरं व्हिनेगर घालून उकळी आणत, अर्धा तास तसंच ठेवत आणि मग दोन-तीनदा विसळून घेत. (आपल्याकडे बोअरच्या पाण्याने पातेली अशी झाली तर लिंबाच्या साली घालून पाणी उकळावं, तोच गुण येतो.) मी त्यांना म्हटलं, “मादाम, दर आठवड्याला हे करायचं म्हणजे कंटाळाच की.” त्यावर त्या हसून म्हणाल्या, “नाही केलं तर काय होतं, ते रोमन लोकांना विचार.”

आणि खरोखर तेच झालं होतं. हेच जड पाणी त्या कालव्यातून अहोरात्र वाहत होतं. पहिली काही शतकं तो नेमाने साफ ठेवला जात होता. माणसं आत उतरत, थर खरवडून काढत. पुढे साम्राज्याची घडी विसकटली, साफसफाई थांबली. भिंतींवर थरावर थर चढत गेले, काही भागांत तर अर्ध्या मीटरच्या आसपास. पाण्याची वाट अरुंद होत होत शेवटी बंद पडली. पूल उभा राहिला, कारण त्यावरून जाणाऱ्यांकडून जकात मिळत होती. पाणी मात्र थांबलं.

हौदाच्या काठावर बसून मी याचाच विचार करत होते. मी शाळेत इतिहास शिकवते, अर्धवेळ का होईना. ‘हा पूल कोणी बांधला? केव्हा बांधला?’ असे प्रश्न दर परीक्षेला काढते. ‘तो कोणी साफ ठेवला?’ असा प्रश्न कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात मी वाचलेला नाही. आपल्या घरांतही तसंच नाही का? वास्तुशांतीची तारीख सगळ्यांना पाठ असते. त्यानंतर वीस वर्षं रोज ओटा कोणी पुसला, याची नोंद कुठे असते?

हौद सोडून वाट पलीकडून पुन्हा चढणीला लागते. इथे चढ हळूहळू येतो, तांबडी पॉपीची फुलं सोबतीला असतात. झाडांच्या वर एकेक करून ते बुरूज पुन्हा दिसू लागतात. उझेसच्या बुरुजवाल्यांपैकी एक बाई मला फार आवडली. उझेसची डचेस आन, जन्म 1847. मोटार चालवण्याचा परवाना मिळवणारी ही फ्रान्समधली पहिली बाई. 1898 मध्ये तिने तो मिळवला आणि त्याच वर्षी गाडी फार वेगाने हाकल्याबद्दल दंडही भरला!

पण चढण चढताना माझ्या मनात होती ती दुसरीच बाई. तिच्या वेळी यातला एकही बुरूज नव्हता. तिचं नाव दुओदा. सुमारे 1180 वर्षांपूर्वी तिचा नवरा, बर्नार्ड नावाचा मोठा सरदार, तिला उझेसला ठेवून राजकारणाच्या धामधुमीत निघून गेला. 841 मध्ये सोळाही पुरे न झालेल्या थोरल्या मुलाला, विल्यमला, बापाच्या निष्ठेची हमी म्हणून राजाकडे पाठवण्यात आलं. त्याच वर्षी इथे तिला दुसरा मुलगा झाला. नवऱ्याने त्या तान्ह्या बाळालाही मागवून घेतलं, बारसं व्हायच्या आधीच. आपल्या मुलाचं नाव काय ठेवलं, हेसुद्धा त्या आईला ठाऊक नव्हतं.

मग या बाईने काय करावं? तिने विल्यमसाठी लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिलं. 841 च्या नोव्हेंबरात सुरू केलं आणि 843 च्या फेब्रुवारीत पुरं केलं. देवाचं नाव कसं घ्यावं, बापाचा मान कसा राखावा, दरबारात कसं वागावं, काय वाचावं, असा सगळा आईचा उपदेश. धाकटा वाचायला शिकला की त्यालाही हे दाखव, असं तिने लिहून ठेवलं आहे. आणखी एक गोष्ट तिने लिहिली आहे. नवऱ्याच्या कारभारापायी तिला डोईजड कर्ज काढावं लागलं होतं. आपल्या मागे ते मुलाने फेडावं, अशी विनवणी आहे. म्हणजे मागे राहून दौलत सांभाळण्याचं काम तिच्याकडेच होतं!

844 मध्ये बर्नार्डला राजाने मृत्युदंड दिला. विल्यमही 850 च्या सुमारास मारला गेला. जे पुस्तक वाचून त्याने शहाणं व्हावं म्हणून आईने लिहिलं, ते त्याच्यापेक्षा हजार वर्षांहून जास्त जगलं. आज ते इंग्रजीतही वाचायला मिळतं. त्या रात्री मी मुलांना आजोळी फोन केला. धाकट्याने दोन मिनिटांत ‘आई, मी खेळायला जातो’ म्हणून फोन ठेवून दिला. एरवी मला राग आला असता.

कठड्यापाशी परत पोचले तेव्हा निघाल्यापासून अडीच तास झाले होते. सोबत काय आणलं? थाइमची एक काडी, तीही रुमालात विसरून गेलेली. पण पाय मोकळे झाले होते आणि डोकंही.

तुम्ही म्हणाल, फ्रान्स राहिलं फ्रान्समध्ये, आम्हाला त्याचं काय? तर एवढंच करून पाहा. आपल्या गावाभोवती अशी एक गोल वाट शोधा. नदीचा घाट, जुना तलाव, बंधारा, तटाची उरलेली भिंत, असं काहीतरी प्रत्येक गावात असतंच. सकाळी उन्हाच्या आधी निघा. पायांत घट्ट बसणारी पादत्राणं आणि पाण्याची बाटली असू द्या. पहिल्या वेळी एखादी मैत्रीण बरोबर घ्या, आणि ‘कुठे निघालीस?’ असं कुणी विचारलं तर ‘इथेच परत यायला’ म्हणून सांगा. मात्र पिशवी नेऊ नका. पिशवी दिसली की कोथिंबीर आणायला सांगणारं कुणीतरी भेटतंच!

शाळा सुरू झाल्यावर सहावीच्या वर्गात मी तो प्रश्न विचारला. आपल्या गावातली जुनी विहीर कोणी बांधली ते पाटीवर लिहिलेलं आहे, पण ती साफ कोण ठेवतं? वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, माझी आजी जायची गाळ काढायला. पण तिचं नाव पाटीवर नाही.”

मी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि आजीचं नाव फळ्यावर लिहायला सांगितलं.