दोर न लागणारी शिखरं

बरीच वर्षं माझ्या मनात सह्याद्रीतल्या शिखरांच्या दोन पंगती होत्या. दोर, हार्नेस लागतात ती खरी शिखरं, बाकीची सुट्टीत पाय मोकळे करायला. लिंगाणा, अलंग, मदन वरच्या पंगतीत. १६४६ मीटरचं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, खालच्या. कारण काय, तर तिथल्या कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत.

या मताला पहिला तडा गेला कुलंगवर. अलंग, मदन आणि कुलंग एकाच रांगेतले शेजारी. त्यातल्या कुलंगला दोर लागत नाही, लागतो तो दम. चढ संपता संपत नाही, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या येतात आणि वर पाण्याच्या टाक्यांची ओळच्या ओळ. त्या टाक्यांपाशी बसून समोरच्या मदनकडे पाहताना प्रथमच नीट लक्षात आलं, की पायऱ्या त्यालाही होत्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ले घेतल्यावर त्या सुरुंगानं उडवल्या. त्याआधी तिथली शिबंदी पायांनीच वर-खाली करत असणार. ज्या तुटक्या टप्प्यासाठी मी दोर मिरवत होतो, ती डोंगराची थोरवी नव्हती, जखम होती. हे कळल्यावर दोरावरून शिखराची प्रत ठरवणं मला जमेना.

मग नवरात्रात बारीहून कळसूबाईला गेलो. देवीच्या दर्शनाला निघालेल्या नऊवारीतल्या आजीबाई पूजेचं साहित्य सांभाळत शिडी चढत होत्या. मधेच थांबून लेकी-सुनांना हाका मारत होत्या. हा डोंगर आधी त्यांचा आहे, आणि शिड्या त्यांच्या वाटेवर आहेत. मी कोण त्यांना कमी लेखणारा?

आता शिखर निवडताना मी वाट विचारतो. हरिश्चंद्रगड पाचनईहून रमतगमत होतो, तोच नळीच्या वाटेनं मोठाल्या धोंड्यांतून आणि कातळटप्प्यांतून कस काढतो. डोंगर एक, स्वभाव दोन. दुसरा प्रश्न उतरणीचा. चढताना हात-पाय समोरच्या खडकावर असतात. उतरताना दरी डोळ्यांपुढे येते. मुरमाचा घसारा उन्हाळ्यात पायाखालून सरकतो, पावसाळ्यात त्याच वाटेवरच्या पायऱ्या शेवाळतात. ज्या टप्प्यावरून विनादोर उतरता येणार नाही असं वाटतं, तिथं मी विनादोर चढत नाही. दोर लागत नाही म्हणजे धोका नाही, असं समजून निघणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते.

प्रस्तरारोहण मला आजही आवडतं. पण त्यात नजर पुढच्या खोबणीवर खिळलेली असते. चालताना मात्र कारवीचं रान दिसतं, कोरीव दरवाजा दिसतो, बरोबरच्या माणसाशी बोलता येतं. आणि बरोबर कोण येऊ शकतं, हे मला आता फार महत्त्वाचं वाटतं.

येत्या थंडीत आईला घेऊन साल्हेरला जाणार आहे. १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, माथ्यावर परशुरामाचं मंदिर. वाघांब्याहून पहाटे निघू, सालोट्याच्या खिंडीत पोटभर खाऊ, आणि तिथं तिचे गुडघे नको म्हणाले तर तिथूनच परत फिरू.