सून आली की ऊन?

संध्याकाळचे सात. बदलापुरातलं दोन खोल्यांचं घर. वर पंखा गरगरतोय, आत कुकर फुसफुसतोय आणि टीव्हीवरची मालिका शेजारचं बिऱ्हाडही ऐकतंय. आजी विचारतात, "सून आली का?" आजोबा खिडकीकडे बघतात. "आत्ता कुठलं ऊन? दिवेलागण झाली की!" नातवंडं लोळून हसतात. आजींना मात्र हसू येत नाही. सकाळपासून हे असंच चाललेलं असतं.

असे घोटाळे उगाच होत नाहीत. वय झालं की कानातल्या शंखातल्या, बारीक आवाज टिपणाऱ्या केशपेशी आधी झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. 'आ', 'ऊ' हे जाड स्वर पोचतात. स, श, फ वाटेत गळतात. 'सून'मधला 'स' गेला की उरतं ते ऊनच! साठाचे आठ होतात तेही असेच. उल्हासनगरात तर पत्ताच आकड्यात. निर्वासितांच्या छावणीला हे नाव १९४९ साली मिळालं, पण रिक्षात बसणारा आजही कॅम्प नंबरच सांगतो. 'चार' आणि 'पाच', दोन्हींत ठसठशीत ऐकू येतो तो 'आ'. पुढचं ज्याचं त्याच्या नशिबावर.

बदलापूर-उल्हासनगरच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात नुसत्या वयाला बोल लावून भागत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस मशीनपाशी तीस वर्षं काढलेला माणूस घरी येतो तो कान तिथेच ठेवून. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कारखान्यांच्या नियमांतली मर्यादा. ती मोजायची कुणी, हा प्रश्न कानात कापसाचा बोळा घालून काम करणाऱ्याला कधी पडलाच नाही.

घरातली खरी भांडणं मात्र वेगळ्याच जागी पेटतात. "जरा मोठ्यानं बोल." मुलगा आवाज चढवतो. "ओरडतोस कशाला?" मुलाला हा कांगावा वाटतो. पण दुखावलेल्या कानाची तऱ्हाच अशी: हळू आवाज पोचत नाही आणि मोठा आवाज एकदम अंगावर येतो, मधली जागाच आक्रसून जाते. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं तर निम्मं काम होतं. स्वयंपाकघरातून पाठमोऱ्यानं हाक मारायची सवय कुठल्या घरातून गेलीय?

तिसऱ्यांदा "काय?" विचारलं की समोरचा म्हणतो, "काही नाही, जाऊ दे." हे चार शब्द नेमके स्वच्छ ऐकू येतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना कमी-अधिक ऐकू येत नाही. तरी चष्मा मिरवणारा माणूस कानातलं मशीन लपवतो. वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग यांच्या नावाची, बहिरेपणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. बदलापूरहून दादरला गाडी बदलून तिथवर जायला आजोबा तयार होतात ते नातीच्या हट्टापायी. मशीन येतं. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राची पानं कडकडतात, ताटं-वाट्या डोक्यात आदळतात. आठवडाभर ते कपाटात, रुमालात गुंडाळलेलं.

मग एकदा ते पुन्हा कानात बसतं. नात धावत येऊन गळ्यात पडते आणि मशीन कुईऽऽ करून शिट्टी मारतं. आतून आजींचा आवाज येतो, "अगं, गॅस बंद कर, तिसरी झाली!"