गाडीच्या पायातलं



मागच्या वेळी मुगाच्या सांडग्यांवर लिहिलं होतं. यावेळी विषय आहे गाडीची चाकं. हसू नका. घरातल्या खरेदीचा हिशोब आपणच ठेवतो, मग चाळीस हजारांची खरेदी "ते पुरुषांचं बघणं" म्हणून सोडून का द्यायची? आणि हा विषय माझ्यासाठी नुसत्या पैशांचा राहिला नाही, म्हणून लिहिते.

आमची स्विफ्ट २०१८ ची. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गाडी मीच चालवते. मारुंजीत राहणाऱ्यांना इथले रस्ते सांगायला नकोत. लक्ष्मी चौकाकडून येताना एका बाजूला टॉवर उठतायत, दुसऱ्या बाजूला उसाचं उरलंसुरलं शेत, आणि मधे डंपर, मिक्सर, कंपनीच्या बसेस आणि खड्डे. प्रत्येक खड्ड्याला हे दाराचं हँडल धरतात. बोलत काही नाहीत, पण मला दिसतं ना.

गेल्या आषाढातली गोष्ट. मंदिरातून परतत होतो. पाऊस भुरभुर, रस्त्यावर बांधकामाच्या मातीचा चिखल. वेग फार नव्हता. साइटच्या गेटातून एक बाई रस्त्यावर आली. डोक्यावर पोत्याची खोळ, कडेवर मूल. मी ब्रेक दाबला. गाडी थांबायला हवी होती, पण ती पुढेच सरकत गेली, फरशीवर सांडलेल्या तेलावरून पाय सरकावा तशी. थांबली तेव्हा बोनेट आणि ती बाई यांच्यात हातभर अंतर होतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघून गेली. मी गाडी कडेला लावली. दहा मिनिटं माझे हात थरथरत होते. हे म्हणाले, "अगं, वाचली ना ती." वाचली. पण त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं. तो हिंजवडीत इंजिनिअर आहे. त्याचा उपाय तयारच होता: "आई, जुनी लोखंडी चाकं काढू या. मस्त सोळा इंची अलॉय टाकू, रुंद टायर. ग्रिप पण येईल आणि गाडी पण नवीन दिसेल. बाबांच्या वाढदिवसाला माझ्याकडून." मोबाइलवर फोटोही दाखवला. काळी चकचकीत चाकं, तलवारीसारख्या आऱ्या. नातू तर नाचायलाच लागला.

मी बी. कॉम. १९८२ ची. खरेदीआधी कागदावर दोन रकाने काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हटलं, आधी आहे ते काय आहे ते बघू.

खाली जाऊन टायरवरची अक्षरं चष्मा लावून वाचली. आमचा माप होता १६५/८० आर १४. याचा अर्थ साधा आहे. टायरची रुंदी १६५ मिलिमीटर. त्याच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची. आणि आतलं चाक १४ इंचाचं. पुढे ८५ हा भाराचा आकडा होता, म्हणजे एका टायरवर ५१५ किलोपर्यंत वजन चालतं. आणि एका छोट्या लंबगोल चौकटीत चार आकडे: १४१८. टायर २०१८ च्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला.

म्हणजे सात वर्षं. गाडी जेमतेम तीस हजार किलोमीटर चाललेली, म्हणून नक्षी बरीच शिल्लक होती. खाचांच्या तळाशी झिजेच्या खुणेचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून १.६ मिलिमीटर उरली की ते पृष्ठभागाला येऊन मिळतात, तेव्हा टायर बदलायचाच. आमच्या टायरची ती वेळ आली नव्हती. हे नेहमी म्हणायचे, "नक्षी आहे की अजून!" पण रबर नुसतं झिजत नाही, म्हातारंही होतं. आमची गाडी सोसायटीत उघड्यावर, उन्हात उभी. भिंतीवर बारीक भेगा होत्या आणि नख दाबलं तर रबर दबत नव्हतं. एका टायरचा जमिनीला टेकणारा भाग साधारण आपल्या तळहाताएवढा. चार तळहातांवर अख्खी गाडी आणि आतली माणसं. ते तळहातच कडक झाले होते.

मग मुलाला घेऊन दुकानात गेले, आणि पर्समधून सामान तोलायचा काटा नेला. मुलीकडे विमानानं जाताना बॅग अडकवून बघतो ना, तोच. दुकानदार हसला, पण त्यानं चाकं दिली. आमचं लोखंडी चाक, टायर काढून, भरलं ७ किलो २०० ग्रॅम. ती तलवारीच्या आऱ्यांची सोळा इंची अलॉय भरली ९ किलो १०० ग्रॅम. मुलगा काट्याकडे बघतच राहिला. अलॉय म्हणजे हलकं, हे आपण धरूनच चालतो. धातू हलका खरा, ॲल्युमिनियमचा. पण स्वस्तातलं ओतीव चाक मजबूत व्हावं म्हणून जाड ओततात, वर मापही मोठं केलं की वजन परत वाढतं. जाड बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि पातळ स्टीलचं पातेलं हातात घेऊन बघा, लगेच कळेल.

तिसरं एक चौदा इंची अलॉय होतं, साधंसं, आठ आऱ्यांचं. त्याचा काठ ओतल्यावर तापवून, रोलरनं दाबत लांबवलेला असतो. त्यामुळे तिथला धातू दाट होतो आणि पातळ असूनही टिकतो. ते भरलं साडेपाच किलो.

वजनाला एवढं महत्त्व का? पाठीवर दोन किलोची पिशवी घेऊन चालता येतं. तेवढंच वजन चपलेत घालून चाला बरं. चाक स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यात ते आपटून वर उडतं, तेव्हा स्प्रिंग आणि शॉकअबसॉर्बरला ते आवरावं लागतं. चाक जड असेल तर धक्का वर, बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत, जास्त पोचतो. शिवाय चाक फिरतं. जड जातं सुरू करायलाही जोर लागतो आणि थांबवायलाही.

आता उंचीचं बघा. सोळा इंची चाकावर १९५/५५ चा टायर बसतो. एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो: आमचा ६२० मिलिमीटर, तो ६२१. तो सारखाच ठेवावा लागतो, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचं दाखवतो. म्हणजे चाक मोठं झालं की टायरची भिंत कमी होणार. १३२ ची १०७ झाली. हवेची गादी एक इंचानं पातळ. मारुंजीच्या खड्ड्यांत पातळ गादी म्हणजे वाकलेला रिम, नाहीतर फुटलेली भिंत. आणि ज्या माणसासाठी हे वाढदिवसाचं बक्षीस, त्याच्याच पाठीत तो इंच लागणार.

मुलगा गप्प झाला. मलाही वाईट वाटलं. त्याच्या मनात प्रेमच होतं, आणि मी त्याला काट्यावर तोललं. वाटेत तो म्हणाला, "आई, तुला प्रत्येक गोष्टीत हिशोबच दिसतो." मी उत्तर दिलं नाही. मला हिशोब नव्हता दिसत, ती खोळ घेतलेली बाई दिसत होती.

दोन दिवसांनी मी माझ्या पैशांतून चार नवीन टायर टाकले. माप तेच, चाकं तीच लोखंडी. आयएसआय चिन्ह बघितलं, तारीख बघितली, तीन महिन्यांच्या आतली. बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून १८,४०० रुपये. नंतर २२ सप्टेंबरला टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मैत्रिणी म्हणाल्या, थांबली असतीस तर वाचले असते. हो, वाचले असते. पण मधला अख्खा पावसाळा त्याच कडक तळहातांवर काढावा लागला असता.

दुकानात एक प्रसंग झाला. दुकानदार म्हणाला, "जुने टायर ठेवून जा ताई, नगाला तीनशे देतो." विचारलं, काय करता? म्हणाला, "नक्षी आहे अजून, कुणी गरीब माणूस टेम्पो-रिक्षाला... कुणीतरी घेतंच." मी शिकलेली कॉमर्स, बाराशे रुपये दिसतात मला. पण लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले अनर्थदंडाचे पाच प्रकार आठवले. रत्नकरंडक श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी सांगितलेले, तुम्हीही पाठ केले असतील. त्यातली प्रमादचर्या तर माझ्याकडून सात वर्षं झालीच होती. खाली जाऊन चार आकडे वाचायचा आळस. आता बाराशे रुपयांसाठी हिंसादानही करायचं? हिंसादान म्हणजे विष आणि शस्त्रच देणं असं मी समजत होते. जो टायर माझ्या गाडीखाली कुणाचा जीव घेता घेता राहिला, तो दुसऱ्याच्या गाडीखाली द्यायचा, हे वेगळं कसं? मी म्हटलं, "माझ्यासमोर चारही टायरच्या भिंती कापा, मग भंगारात द्या." तो वैतागला, पण कापल्या. मुलगा बाजूला उभा होता. काही बोलला नाही, फक्त तिसरा टायर कापताना त्यानं स्वतः धरून ठेवला.

फरक पहिल्याच पावसात कळला. त्याच चढावर, तशाच चिखलात ब्रेक लावून बघितला, मागे कुणी नाही असं पाहून. गाडी जागच्या जागी थांबली. ह्यांनी हँडल धरणंही थोडं कमी केलं.

दिवाळीत मुलगा परत म्हणाला, "आई, ती चौदा इंची हलकी चाकं तरी?" चारांचे बावीस हजार. मी हिशोब केला. महिन्याला आमचं चारशे किलोमीटर फिरणं, वर्षाला पेट्रोल साधारण सत्तावीस-अठ्ठावीस हजारांचं. हलक्या चाकांनी एक टक्का वाचला असं धरलं तरी पावणेतीनशे रुपये. बावीस हजार वसूल व्हायला ऐंशी वर्षं. तो कागद मी घडी घालून ठेवून दिला आणि "आण" म्हटलं. मुलानं बापाला दिलेली भेट नफा-तोट्याच्या रकान्यात मांडत नाहीत, एवढं मलाही कळतं.

बसवताना मात्र तपासून घेतलं, तेही लिहून ठेवा. आमच्या गाडीला चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळात, मधलं भोक ५४.१ चं. चाकाचं भोक मोठं असेल तर मधे बरोबर मापाची रिंग घालावी लागते, नाहीतर चाक थरथरतं. अलॉयला नट वेगळे लागू शकतात; स्टेपनी लोखंडी असेल तर तिचे जुने नट डिकीत ठेवा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट परत आवळून घ्या. चाक फेंडरबाहेर डोकावेल असं रुंद घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापातच राहा. बिल विमा कंपनीला कळवा. आणि चाकाची चाचणी झाल्याचा छाप बघा. जपानी मानकाचा असेल तर जेडब्ल्यूएल अशी अक्षरं असतात. वाकवून, भाराखाली फिरवून आणि वरून वजन आपटून चाकं तपासतात. छाप नसलेलं चाक कितीही हलकं असो, घेऊ नका. हलकं आणि कच्चं यात फरक आहे.

नव्या चाकांनी काय बदललं? खरं सांगू का, टायरनं जेवढं बदललं तेवढं नाही. छोट्या खड्ड्यांची खटखट जरा मऊ झाली, स्टिअरिंग हलकं वाटतं. हे म्हणतात, "बरं वाटतं." ते मुलाचं मन राखायला म्हणतात की खरंच, हे मी विचारलेलं नाही. माघात आम्ही कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला जाऊन आलो. ऑपरेशननंतर हे पहिल्यांदाच एवढ्या लांब बसले. खंबाटकीत फक्त एकदा हँडल धरलं.

आता पहिल्या तारखेला दूधवाल्याचा हिशोब झाला की मी खाली जाऊन चारही टायरची आणि स्टेपनीची हवा बघते. सकाळी दिवसाच्या नियमात वाहनाची मर्यादा ठरवताना आधी फक्त किती फिरायचं ते ठरवायचे. आता कशावर फिरतोय तेही डोळ्यांसमोर येतं.

तुम्हीही आज चष्मा घेऊन खाली जा. चार आकडे आहेत, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. टायरचा आत-बाहेर कुठला भाग भिंतीकडे आहे त्यावर अवलंबून, एका बाजूला नाही दिसले तर दुसऱ्या बाजूला बघा. काय वाचलंत ते मला नक्की कळवा.